चुलवाणापासून छापखान्यापर्यंत

कादंबरी लिहायचं ठरवलं तेव्हाच एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. ज्यांच्या जगण्यावर ती लिहायची, त्यांना ती छापण्याआधी वाचून दाखवायची. पुढे हस्तलिखित, प्रकाशक, करार, प्रुफं अशा बऱ्याच गोष्टींतून जावं लागलं आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हाच निर्णय उपयोगी पडला. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत पहिली कादंबरी लिहीत असलेली मंडळी मला अधूनमधून विचारतात, की नेमकं काय काय करावं लागतं? त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे.

मी एका पतसंस्थेत नोकरी करते. माहेर करवीर तालुक्यातलं. आमच्या तात्यांचं, म्हणजे थोरल्या चुलत्यांचं, गुऱ्हाळ होतं. दिवाळीच्या सुमारास चुलवाण, म्हणजे उसाचा रस आटवायची भट्टी, पेटायचं ते उन्हाळा लागेपर्यंत. मजूर मिळेनात, बराचसा ऊस कारखान्याकडे जाऊ लागला, गुळाच्या दराचा भरवसा राहिला नाही आणि आमच्या भागातली गुऱ्हाळघरं एकेक करून बंद पडत गेली. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद तात्यांनाही झाला होता. पण तोवर घाणा विकायच्या गोष्टी आमच्या घरात सुरू झाल्या होत्या.

त्यानंतर २०१९ चा पूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला आणि नदीकाठचे उसाचे फड दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिले. उसाच्या सुरळीत गाळ बसला की ऊस जागेवर कुजतो. पाणी ओसरल्यावर तात्या बांधावर उभे राहून फडाकडे बघत होते आणि काहीच बोलत नव्हते. एका गुऱ्हाळाचा शेवटचा हंगाम, दोन भावांची वाटणी आणि हा पूर, एवढं माझ्या हातात होतं. कथेत ते मावणार नाही हे मला लगेच कळलं.

लिहिण्याच्या सवयीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहाटे उठायचं, चहा ठेवायचा, ऑफिसची वेळ होईपर्यंत फुलस्केपवर हाताने लिहायचं. रविवारी लिहिलेलं स्वतःच युनिकोडमध्ये टाइप करायचं. टाइप करतानाच पहिली काटछाट व्हायची, कारण जे पुन्हा टाइप करायचा कंटाळा येतो ते वाचकालाही नको असतं. हे मी आजही मानते. पुराच्या तारखा आणि पाण्याची पातळी वाचनालयात बसून वर्तमानपत्रांच्या फायलींतून पडताळून घेतल्या. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासून या शहरात आहे. लिहिणाऱ्याने तिथे जाऊन बसण्याची सवय लावून घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन.

पहिला खर्डा झाल्यावर मी वही घेऊन गावी जायला लागले.

आमच्या गुऱ्हाळावर वर्षानुवर्षं गुळव्याचं, म्हणजे गूळ शिजवण्याचं, काम केलेले गुळव्या मामा आता थकले आहेत, पण ऐकू स्वच्छ येतं. त्यांना मी वाटणीच्या भांडणाचं प्रकरण वाचून दाखवलं. काहील, म्हणजे चुलवाणावरची मोठी कढई, रटरटते आहे, आदण, म्हणजे तिच्यातला एका वेळचा रस, उतरायला आलं आहे आणि दोघे भाऊ तिच्या दोन बाजूंना उभे राहून जमिनीवरून भांडताहेत, असा तो प्रसंग. मामा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "ताई, भांडण झ्याक हाय. पर आदण उतराय आलं की घरात कोन मेलं म्हून सांगत आलं तरी मान वर करता येत न्हाई. ही दोघं एवढी भांडाल्यात, मग गूळ कोन बघालंय?"

मग त्यांनी मला ती शेवटची काही मिनिटं बारकाईने सांगितली. आधी रानभेंडीचं पाणी घालून मळी काढलेली असते. पाक दाट व्हायला लागला की बुडबुड्यांचा आकार बदलतो, वास बदलतो. गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी करतो आणि ती भांड्याच्या कडेवर मारून बघतो. टणकन आवाज आला की काहील उतरवायची. जरा मागेपुढे झालं तर एकतर गूळ बसत नाही किंवा करपून काळा पडतो, आणि बाजारात दर पडतो. त्या वेळी सगळ्यांचे कान त्या एका आवाजाकडे असतात.

मी ते प्रकरण नव्याने लिहिलं. आता थोरला भाऊ पाण्याचं भांडं मागतो आणि धाकटा ते त्याच्या हातात न देता जमिनीवर ठेवतो. दोघे मिळून दोन वाक्यं बोलतात, तीही गुळाबद्दलच. काहील उतरते, पाक गार करायच्या वाफ्यात ओतला जातो, आणि भांडण झालं आहे हे वाचकाला कळलेलं असतं. पुढे ज्यांनी ज्यांनी हस्तलिखित वाचलं, त्यांना हेच प्रकरण सगळ्यात जास्त लक्षात राहिलं.

बायकांसमोर वाचन झालं ते आत्याच्या सोप्यात. चिपाडं, म्हणजे रस काढून उरलेला ऊस, वाळत घालणाऱ्या, जळणाचे भारे वाहणाऱ्या, गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, फडकी धुणाऱ्या अशा चौघीपाचजणी होत्या. एकीने सरळ विचारलं, "आमी कवा येनार ह्यात?" त्यावर बाकीच्या हसल्या, पण प्रश्न खरा होता. गुऱ्हाळ म्हटलं की सगळे गुळव्याचं नाव घेतात. चिपाड ओलं राहिलं तर जाळ धरत नाही आणि जाळ कमी पडला तर गुळव्याच्या हातात काही राहत नाही. उन्हाचा अंदाज घेऊन चिपाड पसरायचं आणि पाऊस दिसताच गोळा करायचं हे काम बायकांचं. त्या दुपारी त्यांनी जे सांगितलं त्यातून एक अख्खं पात्र उभं राहिलं, आणि कादंबरीचा शेवट तिच्या हाती गेला. मी घरी बसून लिहीत राहिले असते तर ही बाई मला कधीच भेटली नसती.

मोठ्याने वाचण्याचा आणखी एक फायदा असा, की कुठे थांबायचं ते समोरच्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मी गुळाच्या व्यापारावर एक लांबलचक प्रकरण लिहिलं होतं. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली तिथपासून मार्केट यार्डातल्या पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांपर्यंत सगळं त्यात होतं. माहिती खरी होती आणि मला प्रिय होती. ऐकणाऱ्यांपैकी कोणी फोन बघायला लागलं, कोणी चुलीवर काय आहे ते बघायला उठलं. मग ते प्रकरण काढलं आणि त्यातलं निवडक एका अडत्याच्या बोलण्यात घातलं. तीस किलोचा रवा पुढ्यात ठेवून, त्याचा रंग निरखत, तो आपल्या आजोबांच्या काळच्या पेठेबद्दल बोलतो. एवढ्यात भागलं.

लिहिणं आणि पुनर्लेखन यांत काही वर्षं गेली. मधे हस्तलिखित कपाटात ठेवून दिलं आणि मुद्दाम वाचलं नाही. एका निवृत्त प्राध्यापकांनी आणि ऑफिसातल्या एका मैत्रिणीने ते स्वतंत्रपणे वाचलं. दोघांनी एकाच ठिकाणी पेन्सिलची खूण केली असेल तर ती जागा मी न वाद घालता बदलली.

मग प्रकाशकांचा शोध. इथे मी नवोदितांना काही ठोस सांगू शकते. अख्खं हस्तलिखित कोणालाही आधी पाठवू नये. एक पानाचं पत्र, शेवटासकट कथानकाचा सारांश, पहिली दोन-तीन प्रकरणं आणि चार ओळींत स्वतःची ओळख, एवढं पुरतं. सारांशात शेवट झाकून ठेवायचा नाही, प्रकाशकाला तो कळायलाच हवा. ज्या प्रकाशनाकडे पाठवायचं त्यांची अलीकडची पुस्तकं आधी हातात घेऊन बघावीत. कागद, बांधणी, प्रूफ यांवरून त्यांना पुस्तकाची किती काळजी आहे ते कळतं. उत्तर यायला महिने लागतात, काहींचं येतच नाही. त्या काळात पुढचं काहीतरी लिहीत राहावं.

एका ठिकाणाहून होकार आला, पण सोबत अट होती. निर्मितीखर्चाचा मोठा भाग मी भरायचा आणि शिवाय तीनशे प्रती मी विकत घ्यायच्या. मी नकार दिला. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात काहीच कमीपणा नाही. पण पैसे लेखकाचेच लागणार असतील, तर साठा, हक्क आणि विक्रीचा हिशेबही लेखकाकडेच असावा. मग सरळ स्वतः प्रकाशक व्हावं. अक्षरजुळणी करणारे, मुखपृष्ठ करणारे चित्रकार, छापखाने, बांधणीवाले सगळे कोल्हापुरात आहेत. आयएसबीएन हा पुस्तकाच्या ओळखीचा १३ अंकी क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो. तो मोफत असतो आणि स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकालाही मिळतो, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. थोड्या थोड्या प्रती मागणीनुसार छापून घेण्याची सोयही आता आहे. शिवाय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. मंडळाची जाहिरात निघाली की अटी नीट वाचून अर्ज करावा. अनेकांना या योजनेची माहितीच नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

मी मंडळाच्या अर्जाची तयारी करत असतानाच दुसऱ्या एका प्रकाशनाने स्वखर्चाने पुस्तक काढायची तयारी दाखवली. कराराचा मसुदा आला तेव्हा मी पतसंस्थेतली कर्जाची कागदपत्रं वाचते तसा तो ओळ न् ओळ वाचला. या भागाबद्दल लेखक मंडळी संकोचतात. पुस्तक निघतंय हेच खूप झालं, आणखी काय विचारायचं, असं मलाही चार जणांनी सांगितलं. पण १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने पुष्कळ काही सांगतो. लिहिलेल्या मजकुराचा हक्क लिहिता क्षणीच लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं त्याच्या वारसांकडे राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. मसुद्यात "सर्व प्रकारचे हक्क कायमस्वरूपी" असे शब्द होते. मी फोन करून शांतपणे सांगितलं, की छापील मराठी आवृत्तीचे आणि ई-बुकचे हक्क ठरावीक मुदतीसाठी देते. अनुवाद, ध्वनिपुस्तक आणि चित्रपटाचे माझ्याकडे राहू देत. प्रकाशकांनी दोन दिवसांनी मान्य केलं. मागितल्याशिवाय ते मिळालं नसतं.

मानधन कशावर मोजायचं तेही बघायला हवं. तीनशे रुपये किमतीच्या पुस्तकावर छापील किमतीच्या १० टक्के म्हणजे प्रतीमागे तीस रुपये. तेच "निव्वळ विक्री रकमेवर" असेल आणि वितरकाला निम्मी सूट गेली असेल, तर पंधरा. शब्द दोन-तीनच बदलतात, पण रक्कम निम्मी होते. वर्षातून एकदा विक्रीचा लेखी हिशेब द्यायचा, असं कलमही मी घालून घेतलं.

संपादकांशी माझं छान जमलं. त्यांनी पहिल्या प्रकरणातली दोन पानं काढायला लावली आणि कादंबरी थेट घाण्यावर सुरू झाली. मुद्रितशोधनात मात्र पेच आला. आमच्या भागात बायका स्वतःबद्दल "मी येतो", "मी गेलो" असंच बोलतात. माझी आजी असं बोलायची, आत्या अजून बोलते. मुद्रितशोधकांनी बायकांच्या तोंडचे सगळे "येतो" कापून "येते" केले होते, अगदी चिपाडवाल्या बाईच्या शेवटच्या बोलण्यातसुद्धा. लाल शाईने भरलेली ती पानं बघून मला रडू आलं. ज्या सोप्यात ते संवाद मी वाचले होते तिथे आता हे घेऊन कशी जाऊ, असं झालं.

मी मुद्रितशोधकांना भेटायला गेले. ते वयाने आणि कामाने मोठे, प्रमाणलेखनाची खरी तळमळ असलेले गृहस्थ. मी त्यांना सांगितलं, की साहित्य महामंडळाच्या ज्या नियमांचा आपण आधार घेतो, त्यांतच पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक आहे. आणि मग एक पान आत्याच्या लकबीत मोठ्याने वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असं ऐकल्यावर बरोबर वाटतंय. पण तुम्ही सगळीकडे एकच पद्धत ठेवा. एका पानावर 'न्हाई' आणि दुसऱ्यावर 'न्हायी' असं मला चालायचं नाही." त्यांचं म्हणणं रास्त होतं. आम्ही दोघांनी बसून बोलीतल्या रूपांची एक यादी केली. कोणतं पात्र कसं बोलतं, कोणता शब्द कसा लिहायचा, कुठे अनुस्वार द्यायचा. ती यादी पुढे अक्षरजुळणी करणाऱ्याच्या टेबलावर चिकटवली गेली. बोलीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने अशी यादी पहिल्या खर्ड्यापासूनच करावी.

अक्षरजुळणीत वेगळंच संकट उभं राहिलं. माझी फाइल युनिकोडमध्ये, त्यांचं काम जुन्या फॉन्टमध्ये. रूपांतर केल्यावर काही जोडाक्षरं फुटली, रफार शेजारच्या अक्षरावर गेले आणि "गुऱ्हाळ" मधला तो नाजूक अर्धा र प्रत्येक पानावर मोडला. गुऱ्हाळावरच्या कादंबरीत हा शब्द किती वेळा येत असेल! सरसकट शोधून बदलता आलं ते बदललं, पण मी आग्रहाने पुढचं प्रूफही शब्दाला बोट लावून वाचलं, आणि "तऱ्हा", "कऱ्हाड", "वाऱ्यावर" अशा ठिकाणी उरलेले मोडके र सापडत राहिले. रूपांतरित फाइलचं प्रूफ लेखकाने स्वतः वाचलंच पाहिजे.

छपाईचं गणित थोडक्यात सांगते. डेमी या पुस्तकाच्या आकारात १६ पानांचा एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडला जाणारा कागद. त्यामुळे एकूण पानं १६ च्या पटीत बसवली की कागद वाया जात नाही. आमची पानं थोडी वर जात होती, तेव्हा संपादकांनी समास आणि प्रकरणांची सुरुवात जुळवून ती २५६ मध्ये बसवली. मजकूर कापला नाही. पहिली आवृत्ती ५०० प्रतींची. पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती पाठवणं १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे. आमच्या प्रकाशकांनी त्या पाठवल्या आणि पोचही मला दाखवली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

प्रकाशन शाहू स्मारक भवनात करावं असं काहींचं म्हणणं होतं. चांगली जागा आहे, मीही तिथल्या पुस्तक प्रदर्शनांतून कितीतरी पुस्तकं आणली आहेत. पण मी गावच्या देवळासमोर कार्यक्रम केला. गुळव्या मामांच्या हस्ते पुस्तक उघडलं. भाषणं कमी ठेवली आणि आत्याने चिपाडवाल्या बाईचं बोलणं वाचलं. तिला वाचायला अवघड जात होतं म्हणून मी पानावर बोट फिरवत शेजारी उभी राहिले. मधेच तिने पुस्तक बाजूला केलं आणि पुढचं तोंडपाठ म्हटलं. इतक्या वेळा ऐकून तिला ते पाठ झालं होतं.

विक्री हळू आहे आणि ती हळूच होणार. तालुक्यातली वाचनालयं वीस-पंचवीस टक्के सूट मागतात, ती द्यावी लागते. ऑफिसात, लग्नकार्यात, शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रती जातात. मार्केट यार्डातल्या एका अडत्याने हमालांसाठी पाच प्रती घेतल्या आणि त्यांतली एक परत आणून दिली, कारण एका पानावरचा दर त्या वर्षीच्या दराशी जुळत नव्हता. ती दुरुस्ती दुसऱ्या आवृत्तीच्या यादीत लिहून ठेवली आहे.

ध्वनिपुस्तकाचे हक्क माझ्याकडेच आहेत. राजारामपुरीत एका ओळखीच्या मुलाने ध्वनिमुद्रणाची छोटी खोली केली आहे, त्याच्याशी बोलणं झालं आहे. निवेदन मी वाचणार, पुरुषांचे संवाद माझा चुलतभाऊ आणि बायकांचे संवाद आत्या आणि तिच्या सोप्यातल्या दोघी. त्यांची एकच अट आहे, की भांगलण उरकल्याशिवाय शहरात यायचं जमणार नाही. म्हणून तारीख पुढच्या महिन्यातली धरली आहे.